झोळीचा दोरा

१

दुपारी भांडी पालथी घातली की गोदा दोरा बांधून घ्यायची. एक टोक आतल्या खोलीत सईच्या झोळीला, मधे दाराच्या चौकटीवरच्या खिळ्यावरून वळसा, आणि दुसरं टोक गोदाच्या डाव्या मनगटाला. सई जागी झाली, हातपाय झाडायला लागली की झोळी हलायची, दोरा ओढला जायचा आणि गोदा स्वयंपाकघरातून उठून आत जायची. पोरीचं रडणं कानांनी नाही, मनगटानं ऐकायचं, अशी ही व्यवस्था. ती तिनं स्वतःच शोधून काढली होती आणि तिचा तिला थोडा गर्वही होता. इंटरपर्यंत शिकलेल्या बाईला एवढा परवडतो.

बाळंतपणानंतर ताप आला, तापावर इंजेक्शनं झाली. ताप गेला तो जाताना कान घेऊन गेला. डावा पुरता, उजवा बहुतेक. नवऱ्यानं, पद्मनाभनं, मद्रासच्या माउंट रोडवरच्या दुकानातून ऐकायचं यंत्र आणलं. पोलक्याला अडकवायची एक डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात घालायचं बोंड. त्याची बॅटरी महाग आणि अल्पायुषी, म्हणून ते फक्त संध्याकाळी, तो कारखान्यातून आल्यावर लावायचं. त्यातून माणसांचं बोलणं रॉकेलच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं यायचं. सईचं रडणं तर पत्र्यावरून खिळा ओढल्यासारखं. म्हणजे आपल्या मुलीचा आवाज खरा कसा आहे, हे गोदाला ठाऊकच नव्हतं. ही गोष्ट ती कुणाला सांगत नसे. सांगितली असती तर लोकांना वाईट वाटलं असतं, आणि मग त्या वाईट वाटण्याची समजूत तिलाच काढावी लागली असती.

"अम्मा येत्येय," पद्मनाभ एका सकाळी म्हणाला. तिच्यासमोर उभा राहून, ओठ नीट हलवत, लहान मुलांच्या शाळेत मास्तर बोलतात तसा. "सईला तंजावरला नेते म्हणते. दोन-तीन वर्षं. पोर चालायबोलायला लागेपर्यंत."

"का?"

का, ते दोघांनाही माहीत होतं. त्यानं डबा उचलला.

"मी नाही म्हणालो. पण ती म्हणाली, येऊन बघते, सांभाळता येतंय का. बघू दे ना. तू सांभाळतेसच की."

"आणि दोरा बघून त्या काय म्हणतील?"

"हसेल," पद्मनाभ म्हणाला. "माझ्या आईला हसायला येतं, तुला वाटतं तसं नाही."

२

अग्निनक्षत्राचे, ऐन उन्हाच्या काहिलीचे दिवस होते. मद्रासबाहेर, आवडी गावाच्या पलीकडे, कारखान्याच्या कुंपणाबाहेर ही क्वार्टर्सची ओळ. युद्धाच्या दिवसांत घाईघाईनं बांधलेली, जाड भिंतींची, बुटक्या खिडक्यांची. विहिरी आटल्या होत्या. नळाला पाणी दुपारी कधीतरी, नळाच्या मर्जीनं. मालगाडी गेली की लाद्या थरथरायच्या, भोंगा झाला की खिडकीचे गज. गोदाला या घराचे सगळे आवाज तळपायांनी पाठ झाले होते.

त्या दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. मान वर केली तर उघड्या दारात एक बाई उभी.

बाई तरुणच होती. लुगडं वर खोचलेलं, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं माखलेले, आणि चिखल ओला. खांद्यावर एक जुनेर टाकलेलं. ती बोलत होती. बराच वेळ बोलत असावी, कारण गोदानं पाहिलं तेव्हा वाक्य संपत आलं होतं.

आता, गोदा एग्मोरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली. कान होते तोवर तिचं तमिळ भाजीवालीशी भांडण्याइतकं पक्कं होतं. पण ओठांवरचं तमिळ तिला वाचता येत नसे. मराठी ओठ ओळखीचे वाटत, तमिळ ओठ म्हणजे बंद खिडकी. बाईनं पुन्हा विचारलं. प्रश्न होता हे भुवयांवरून कळलं. "काय?" म्हणून विचारावं, तर तिसऱ्यांदाही कळणार नाही याची खात्री. मग ती विचारणार, हातवारे करणार, चेहऱ्यावर ती कीव येणार.

गोदानं अशा वेळी नेहमी करायची तेच केलं. हसून मान डोलावली.

या मान डोलावण्यानं आजवर तिचं फारसं बिघडलं नव्हतं. एकदा नको असलेली केळी घ्यावी लागली होती, एकदा कुणाच्या तरी बारशाला जायचं राहिलं होतं. ऐकू न येणाऱ्या माणसाचं अर्धं जग असंच चालतं, न कळलेल्या प्रश्नांना होकार देत.

बाईचा चेहरा मात्र असा उजळला की गोदा जरा चपापलीच. तिनं हात जोडले, आतल्या खोलीकडे एकवार पाहिलं आणि गेली.

उंबऱ्यावर चिखलाची पावलं होती. पोतेरं आणेस्तोवर ती वाळून गेली होती. उन्हाळाच तसा होता.

३

दुसऱ्या दिवशी दोरा ओढला गेला. सईचा ओढा गोदाला माहीत होता. भांडखोर, बेताल, एकदम चार हिसके आणि मग धुमश्चक्री. हा तसा नव्हता. हळूच दोनदा ओढलं, आणि थांबलं. पुन्हा दोनदा, आणि थांबलं. जणू कुणी पदर ओढून विचारतंय, आहेस का?

ती आत गेली. सई गाढ झोपली होती, मूठ गालाखाली.

मांजर असेल. वारा असेल. मालगाडी असेल. गोदानं तिन्ही शक्यता तपासल्या. मांजर नव्हतं, वाऱ्याचं तर नावच नव्हतं, आणि तळपायांना मालगाडी लागली नव्हती. मग उरली गोदा. बाळंतिणीचं डोकं, उन्हाळा, अपुरी झोप. ही चौथी शक्यता तिला एकदम पटली. स्वतःवर शंका घेणं तिला नेहमीच सोपं जायचं.

पुढच्या दुपारी सई झोपायलाच तयार होईना. गोदानं तिला मांडीवर घेतली आणि एका हातानं भाजी चिरायला बसली. मनगटाचा दोरा सोडायचा राहून गेला.

सई मांडीवर होती. दुधीची फोड चोखत होती.

दोरा दोनदा ओढला गेला, आणि थांबला.

गोदा हललीच नाही. विळीवर बोट टेकून तशीच बसून राहिली. पुन्हा दोनदा. या वेळी जरा नेटानं, वाट पाहून कंटाळल्यासारखं. तिनं दातांनी दोरा तोडला. तोडल्यावर तो सुळकन जमिनीवरून सरकत दाराकडे गेला आणि चौकटीवरून लोंबत राहिला.

४

शेजारी सेतुमाधवराव आणि अन्नपूर्णाबाई राहायचे. मूळचे तंजावरकडचेच. सेतुमाधवराव शाळेतून निवृत्त होऊन आता या गावाचा इतिहास गोळा करत होते. गावाला इतिहास असतो हे गावात कुणालाच पटत नव्हतं. अन्नपूर्णाबाईंना तर मुळीच नाही.

"ये गे, बैस," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तोंड का असं उतरलं? सासू येणार म्हणून? अय्यो, माझी सासू येताना मला जुलाब व्हायचे."

गोदानं यंत्र लावलं होतं. बॅटरी जळली तर जळू दे, असं मनाशी म्हणत. आणि सहज विचारावं तसं विचारलं, "दारावर एक बाई येते का हो इथं? पायाला चिखल असलेली?"

"हौ, येते की. उन्हाळ्यात येते. अस्की, सगळी घरं फिरते. आपण नक्को म्हणायचं, जाते."

"मागते काय?"

"मागत नाही गे, विचारते. माझं पोर जरा वेळ ठेवू का, मी येईपर्यंत बघशील का, असं." अन्नपूर्णाबाई पानाचा देठ खुडत होत्या. "कोण हौ म्हणेल? आपली आपल्याला आवरत नाहीत."

"पोर असतं तिच्याजवळ?"

देठ खुडणारा हात थांबला.

"नसतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर नक्को म्हणायचं."

सेतुमाधवराव मिशीतून काहीतरी बोलले. त्यांच्या मिशा वरच्या ओठावर उतरलेल्या, त्यामुळे गोदाला ते नेहमी अर्धेच कळायचे. अन्नपूर्णाबाईंनी तोंड तिच्याकडे करून पुन्हा सांगितलं.

"इथं तळं होतं म्हणतात, बांधावर गाव होतं, खाली भातखाचरं. तुझी आतली खोली आहे ना, तिथं चिंच होती, मोठी. लावणीला बाया उतरल्या की पोरांच्या झोळ्या चिंचेला टांगायच्या. एकीनं दुसरीला सांगायचं, माझं बघ जरा. मग युद्ध आलं, कंत्राटदाराच्या लॉऱ्या आल्या. एका सकाळी गाव उचललं, सामान-माणसं भरून घेऊन गेले. संध्याकाळी चिंच पाडली."

"आणि झोळ्या?"

अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले.

"ते कोण लिहून ठेवतं," त्या म्हणाल्या. "आता हे विचारतायत बघ, तुझ्या खोलीत वर झोळीची कडी आहे ना? ती आमच्यात नाही. ओळीत कुठंच नाही. कुणी बसवली, काय की." मग एकदम हसून, "तू नक्को म्हटलंस ना तिला?"

"हो," गोदा म्हणाली. "म्हणजे, नको म्हटलं."

५

पद्मनाभला सांगायचं तर काय सांगायचं? की दारात बाई आली, तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही, आणि न ऐकताच मी तिचं पोर ठेवून घेतलं? हे वाक्य तिनं मनात बोलून पाहिलं. त्यातला पहिला अर्धा भागच सासूबाईंना पुरला असता. जिला दारातलं बोलणं ऐकू येत नाही, तिच्या हाती पोर कसं द्यायचं. आणि दुसरा अर्धा भाग कुणालाही पुरला असता.

"झोळी काढून टाकू या," ती एवढंच म्हणाली.

"आता? अम्मा यायच्या तोंडावर? आम्ही सगळी भावंडं झोळीत वाढलो. पोर झोळीत नाही दिसली तर पहिलं तेच विचारेल." त्यानं तिच्या मनगटाकडे पाहिलं. "दोरा का नाही बांधलास?"

"तुटला."

"मग दुसरा बांध."

झोळी राहिली. सईला मात्र ती आता खाली गादीवर, स्वतःच्या पायाला पाय लावून निजवू लागली. रिकामी झोळी वर लटकत असायची.

रिकामी झोळी कशी दिसते, हे गोदाला पुरतं ठाऊक होतं. लुगड्याच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटतात, मधे चपटी घडी पडते. ही तशी दिसत नव्हती. ही खालून गोल होती.

एका दुपारी सईला कडेवर घेऊन ती तिच्यासमोर उभी राहिली. कापड जुनं, विरलेलं, त्यातून खिडकीचा उजेड येत होता आणि मधेच येत नव्हता. बघता बघता खालच्या बाजूला, आतून, कापडाला एक लहानसा उंचवटा आला. टाच असते तेवढा. तो कापडावरून सरकत गेला आणि मावळला.

कडा बाजूला करून आत बघणं ही एका हाताची गोष्ट होती. गोदानं तो हात सईच्या पाठीवर दाबून धरला.

मग तिनं ठरवलं ते मात्र शहाण्या माणसासारखं ठरवलं. बाई म्हणाली होती, मी येईपर्यंत. म्हणजे ती येणार. ती आली की दारातच गाठायचं, आत येऊ द्यायचं नाही, आणि तमिळमधून स्वच्छ सांगायचं, तुझं तू घेऊन जा, माझं माझ्याजवळ आहे. वाक्य तिनं घोकून ठेवलं. रोज दुपारी यंत्र लावून, सईला मांडीवर घेऊन ती दाराकडे तोंड करून बसू लागली. बॅटरी संपत चालली. भीती तिला बाईच्या येण्याची नव्हती. आपण बघत नसताना ती येईल आणि दोन पोरांतलं स्वतःचं कुठलं, हे घाईत तिला ओळखू येणार नाही, याची होती.

६

सासूबाई, त्रिपुरसुंदरीबाई, आल्या त्या तांब्याचा हंडा, मुरुक्कू चकल्यांचा डबा आणि मोडकी छत्री घेऊन. सईला त्यांनी उजेडात नेऊन उलटसुलट पाहिलं, हिरड्या पाहिल्या, मांड्या चिमटीत धरून पाहिल्या. एग्मोरच्या बाजारात गोदानं लोकांना असं भोपळे घेताना पाहिलं होतं.

"बारीक आहे," त्या म्हणाल्या. "रडली की कळतं का तुला?"

"कळतं."

"कसं?"

गोदानं दोऱ्याचं सांगितलं. सासूबाई हसल्या नाहीत. बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी मान डोलावली. ती मान गोदाला कुठंतरी ओळखीची वाटली.

दुसऱ्या दिवशी ती सईला न्हाऊ घालून परसातून आत आली, तर सासूबाई खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पायाच्या अंगठ्यानं झोळीला झोका देत होत्या. झोळी जडपणे येत-जात होती. वरची कडी घासत होती, हे गोदाला लाद्यांतून कळत होतं.

"आज भारी लागत्येय पोर," सासूबाई झोळीकडे बघतच स्वतःशी म्हणाल्या. बाजूनं त्यांचे ओठ दिसत होते, म्हणून गोदाला कळलं. "अंगानं भरलीय. मी उगीच म्हटलं बारीक."

वळल्यावर त्यांना गोदाच्या खांद्यावरची सई दिसली असती. पण तोवर गोदा भिंतीआड झाली होती, ओल्या पोरीला छातीशी धरून. का झाली, ते तिला स्वतःलाही कळेना. बहुधा सासूबाई खूष झाल्या होत्या म्हणून.

संध्याकाळी पद्मनाभनं आईला विचारलं, "अम्मा, कॉफी हवी की ताक?" आणि त्रिपुरसुंदरीबाईंनी हसून मान डोलावली.

गोदाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. ही मान कुणाची, ते तिला आता आठवलं. ती तिचीच होती.

सासूबाईंना केव्हापासून ऐकू येत नाही, ते विचारायचा धीर तिला झाला नाही. जी बाई तिचे कान तपासायला आली होती, तिला ते विचारायचं कसं? उलट मनात एक ओंगळ आनंद झाला, आणि त्याच्यामागोमाग भीती. म्हणजे आता या घरात दारावरचं ऐकणारं, दुपारचं, कुणीच नव्हतं.

७

शुक्रवारी यंत्राची बॅटरी संपली. गोदानं डबी फडताळात ठेवून दिली. दुपारी दारात बसली, पण परसातल्या नळाला पाणी आलं. शेजारच्या घागरी हलताना दिसल्या म्हणून कळलं. दोन दिवस पाणी नव्हतं.

"सई गादीवर झोपलीय," ती सासूबाईंच्या समोर जाऊन, ओठ नीट हलवत म्हणाली. "दारात कुणी आलं तर मला बोलवा. काही विचारलं तर नको म्हणा. नको. कळलं?"

त्रिपुरसुंदरीबाईंनी मान डोलावली.

हंडा भरेस्तोवर ती दोनदा उठून आत डोकावली. गादीवर सई होती. घागर भरताना तिसऱ्यांदा उठावंसं वाटलं, तेव्हा ती स्वतःवरच वैतागली. एवढा संशय बरा नाही. घागर भरली, आणि ती आत आली.

उंबऱ्यावर ओली पावलं होती. आत येणारी आणि बाहेर जाणारी.

गादी रिकामी होती.

सासूबाई भिंतीला टेकून अंगठ्यानं झोळी हलवत होत्या.

"कोण आलं होतं?" गोदा त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसली. "अम्मा, कोण आलं होतं?"

"एक बाई गे. पाय भरलेले. काय की विचारत होती. हौ म्हटलं. गेली."

"सई कुठंय?"

"झोळीत."

"तुम्ही ठेवलीत तिला झोळीत? गादीवरून उचलून, तुम्ही ठेवलीत?"

त्रिपुरसुंदरीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. हसल्या, आणि मान डोलावली.

गोदा दाराशी धावली. रस्त्यावर ऊन होतं आणि दुसरं काही नव्हतं. ती परत आत आली. झोळीच्या कडा तिनं दोन्ही हातांनी बाजूला केल्या.

आत सई होती. सईचं पिवळं झबलं, मनगटात सईचे काळे मणी, गालावर सकाळी लावलेली तीट, गोदाच्याच बोटाची, थोडी फिसकटलेली. गोदानं तिच्या गालाला हात लावला, पायाला लावला. पायाच्या बोटांच्या बेचक्यात ओलं काहीतरी होतं. पण हात तिचेच ओले होते, घागरीचे.

मुलीनं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

आणि गोदाला तिचं रडणं ऐकू आलं.

पत्र्यावरचा खिळा नव्हे. बारीक, ओला, घोगरा, माणसाच्या पोराचा आवाज. इतका जवळ, इतका स्वच्छ, की तिचा हात आपोआप कानाकडे गेला. कान रिकामा होता. डबी फडताळात होती, तिची वायर खाली लोंबत होती. कान परततात कधी कधी, असं डॉक्टर म्हणाले होते, उगीच धीर द्यायला. गोदानं श्वास धरून ऐकलं. परसात नळ तसाच वाहत होता, घागरीवरून पाणी उतू जाताना दिसत होतं, आणि त्याचा आवाज नव्हता. सासूबाईंचे ओठ हलत होते, त्यांचाही नव्हता. जगात दुसरं काहीही वाजत नव्हतं.

फक्त ते रडणं. दोन हुंदके, आणि थांबणं. पुन्हा दोन हुंदके, आणि थांबणं. कुणी येतंय का, ते बघणं.

सासूबाई बघत होत्या. गोदानं मुलीला उचलून घेतलं. ती खांद्यावर अचूक बसली, जणू तिथं बसायची तिला सवय होती, आणि गप्प झाली.

त्रिपुरसुंदरीबाई उठून समोर आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एकेक शब्द त्या नीट, सावकाश बोलल्या, तिला ओठांवरून कळावा म्हणून.

"यंत्र नाही, दोरा नाही, तरी रडलेलं कळलं तुला. आईला कळतं गे. मी उगीच आले." त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझ्याजवळच राहू दे हिला. सांभाळशील ना?"

गोदानं मान डोलावली.